दिवेलागणीचे खण

हिवाळ्यात माझे पेशंटच गावात नसत. दिवाळी आटोपली की पाथर्डीच्या पुढच्या त्या डोंगरपट्ट्यातून उसाच्या फडांकडे गाड्या निघत. माणसांबरोबर बैल जात, बैलांबरोबर एखादी दुभती शेळी जाई, आणि ढोरांचा सरकारी डॉक्टर म्हणून तिथे नेमलेला मी, मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या मागे राहिलेल्या कोंबड्या बघत दिवस काढी. मी प्रवरेकाठचा, पाटाचं पाणी बाराही महिने बघत वाढलेला. बदली झाली तेव्हा आईने आधी पाण्याचा जार बांधून दिला आणि मग कपडे. पण आता त्या गावाची आठवण आली की तहान आठवत नाही. एक उजेड आठवतो. संध्याकाळचा, पिवळसर, लाकडाच्या आतून येणारा.

मी ज्यांच्या माडीवर भाड्याने राहत होतो त्यांचं नाव सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण त्या नावाने गावात त्यांना कुणी ओळखत नव्हतं. लहानथोर सगळे त्यांना फोरमन म्हणत. ते फोरमन कधीच नव्हते. नगरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात हत्यारांच्या खोलीवर त्यांनी अख्खी नोकरी काढली. खिडकीआड बसायचं, कामगाराने आपला पितळी बिल्ला दिला की त्याला हवं ते हत्यार द्यायचं, हत्यार परत आलं की बिल्ला परत. एवढंच काम. पण माणसं देवळात जाऊन जे मिळवतात ते फोरमनना त्या खिडकीत मिळालं होतं. निवृत्त झाल्यावर ते गावी आले ते ती खिडकी डोक्यात घेऊनच.

खाली रस्त्याच्या बाजूच्या खोलीत त्यांनी भिंतभर कपाट उभं केलं होतं. मशिनी ज्या खोक्यांतून येतात त्या खोक्यांच्या फळ्यांचं. वरून खालपर्यंत नुसते खण. ड्रॉवर म्हटलेलं त्यांना चालत नसे. एकेक खण गावातल्या एकेका घराचा. ऊसतोडीला जाणाऱ्यांत कितीतरी कारागीर होते. कुणी सुतार, कुणी गवंडी, कुणी विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करणारा. पाऊसपाणी झालं तर त्यांच्या हाताला गावात काम, नाही झालं की हातात ऊस तोडायचा कोयता. जाताना हत्यारं बरोबर न्यावीत तर फडावर हरवतात, कुलूपबंद घरात ठेवावीत तर गंजून जातात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी सगळे आपापली पिशवी घेऊन फोरमनकडे येत. फोरमन एकेक हत्यार फडक्याने पुसत, तेलाचं बोट फिरवत, खणात मांडत आणि मालकाला बिल्ला देत. बिल्ल्यावर आकडा नसे. ज्याच्या दारातून जे दिसतं ते त्यांनी छिन्नीने त्याच्या बिल्ल्यावर कोरलेलं असे. कुणाला पिंपळ, कुणाला मारुतीचं निशाण, कुणाला नुसता डोंगर. "आकडा मानूस इसरतं, डॉक्टर," ते मला म्हणाले होते. "दारातलं झाड कुठं इसरतंय?"

बिल्ल्याशिवाय हत्यार नाही, हा नियम मात्र कारखान्यासारखाच कडक. मी राहायला आलो त्या आठवड्यात खिळा ठोकायला हातोडी मागितली. फोरमननी हात पुढे केला.

"बिल्ला?"

"अहो, मी वरच राहतो. तुमचाच भाडेकरू."

"मग चप्पल ठिवा."

मी, राजपत्रित अधिकारी, अनवाणी जिना चढून खिळा ठोकला आणि हातोडी देऊन चप्पल सोडवून आणली. घरच्यांनाही सूट नव्हती. एकदा त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या, कुकरची मूठ ढिली झाली. काकूंनी पाना मागितला तर यांचा हात पुढे. काकू आत निघून गेल्या. दुपारी ताट वाढलं, ते आपल्या मांडीवर घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आधी पाना, मग भाकरी." फोरमन ताटाकडे बघून म्हणाले, "हे नियमात बसतं." आणि पाना आणून दिला.

अंगात कायम कारखान्याचा निळा सदरा. लग्नाला गेले तरी तोच, फक्त वर फेटा. खिशात पेन्सिल. चहा बशीत ओतल्यावर आधी बशीत बघत राहायचे, मग प्यायचे. कुणी विचारलं काय बघता, तर म्हणत, "निवतंय का बघतो." बोलणं कमी, पण जे बोलत ते एखाद्या गोष्टीचा शेवट सांगावा तसं. "हत्यार आधी डोळ्यांनी उचलायचं, मग हातानं." "गंज भाहेरनं येत न्हाई, वापर थांबला की आतनं येतो." आणि त्यांचं सगळ्यात आवडतं, जे त्यांनी मला निदान महिन्यातून एकदा ऐकवलं असेल, "मानूस घर सोडंल, गाव सोडंल, पर हत्याराकडं माघारी येतो." मला ते ऐकायला बरं वाटायचं. खरं आहे का, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

दिव्यांचं खूळ निघालं ते एका म्हाताऱ्या सुतारामुळे. मुलगा फडावर गेलेला, बिल्ला म्हाताऱ्याकडे. दाराची चौकट फुगली म्हणून तो तिन्हीसांजेला पटाशी न्यायला आला. वीज नव्हती, फोरमन मागच्या अंगणात होते. म्हाताऱ्याने चाचपत खणात हात घातला आणि पटाशीने बोट चिरलं. फार नाही, पण फोरमननी ते जिवाला लावून घेतलं. आपल्या खोलीत, आपल्याच खणात, हत्याराने मालकाला कापावं? दुसऱ्या दिवशी सकाळी एसटीने ते नगरला गेले आणि संध्याकाळी भंगारातली चिमुकली बटणं, दिव्यांच्या पट्ट्या आणि तारांचं भेंडोळं घेऊन आले. खण ओढला की आपोआप दिवा लागणार, ढकलला की जाणार. छपरावर सोलरची पाटी, खाली ट्रॅक्टरची जुनी बॅटरी. दिवे पिवळेच हवेत असा हट्ट. पांढऱ्या उजेडात लोखंड आजारी दिसतं म्हणे.

काकूंनी हे सगळं बघून मला वर हाक मारून सांगितलं, "डॉक्टर, बैलाला द्यायचं एखादं गुंगीचं औषध असंल तर द्या. दोन दिस झोपवते यांना."

ते काम संपलं त्या संध्याकाळी मी जिना उतरलो आणि पायरीवरच थांबलो. खोलीत अंधार होता आणि कपाट उजळलं होतं. फळ्यांच्या सगळ्या फटींतून, खणांच्या कडांवरून पिवळ्या रेघा बाहेर येत होत्या. फोरमन त्यासमोर हात मागे बांधून उभे. त्यांनी एक खण ओढला. तेवढ्याच रेघा नाहीशा झाल्या. ढकलला, परत आल्या. तार बटणाच्या चुकीच्या पायाला जोडली गेली होती. खण बंद असले की दिवे चालू, उघडले की अंधार.

"कपाटाला ताप आलाय," काकू मागून म्हणाल्या.

"चुकलंय," फोरमन म्हणाले. पण लगेच दुरुस्त करायला गेले नाहीत. बॅटरी उतरेपर्यंत आम्ही तिघं तिथे बसून राहिलो. ते कपाट आतून जागं असल्यासारखं वाटत होतं. इतकी सुंदर चूक मी आयुष्यात पुन्हा पाहिली नाही.

मग त्यांनी तारा बदलल्या. आता खण उघडला की उजेड, लावला की नाही. पण लावल्यावर तो खरंच जातो का? हे कळणार कसं? बघायला खण उघडावा तर दिवा लागणारच. हा भुंगा त्यांच्या डोक्यात शिरला आणि दोन दिवस त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी मी माझा मोबाईल व्हिडिओ चालू करून खणात ठेवला. फोरमननी खण लावला, कान टेकवला, थोड्या वेळाने उघडला. व्हिडिओत सगळा अंधार होता आणि त्या अंधारात फोरमनचा दूरवरून आवाज येत होता, "गेला का रे?"

"बघा, विझतोय," मी म्हणालो.

"विझतो म्हनू नये. शांत होतो." मग पुन्हा खणाला कान लावून म्हणाले, "मोबाईल हुता म्हनून झाला आसंल. कुनी नसताना काय करतोय, द्येव जानं."

मी मोबाईल खिशात टाकला. पालथ्या घड्यावर पाणी घालण्यात अर्थ नव्हता.

त्या वर्षीच्या गाड्या कधीच गेल्या होत्या आणि गाव रिकामं झालं होतं. आमच्या गल्लीत ओळीने कुलपं. ज्या घरात संध्याकाळी दिवा लागत नाही त्या घराबद्दल आपल्याकडे कुणी चांगलं बोलत नाही, आणि इथे तर अख्खी ओळ काळी. काकू देवापुढे निरांजन लावून तुळशीकडे जात, तेव्हा नेमके फोरमन कपाटाकडे जात. वरच्या कोपऱ्यातून सुरुवात. एक खण ओढायचा, दिवा लागला की आतल्या हत्यारांकडे क्षणभर बघायचं, घराचं नाव घ्यायचं, खण लावायचा. मग दुसरा. पिंपळवाले. निशाणवाले. डोंगरवाले. आधी मला वाटलं बटणं तपासताहेत. रोजच होतं म्हटल्यावर विचारलं.

"घरं बंद हायेत," ते म्हणाले. "निदान खनात तरी दिवा लागला पायजे."

मी त्यानंतर संध्याकाळी दुसरीकडे कुठे जाईनासा झालो. जिन्यावर बसून बघायचो. खण उघडायचा, आतलं लोखंड पिवळं होऊन चमकायचं, मिटायचा. डोळ्यांपुढून सगळं गाव एकेक घर करून जायचं. फडावरच्या लोकांना हे कळलं तसे तिकडून फोन येऊ लागले. दिवसभर ऊस तोडून खोपीवर आलेली माणसं व्हिडिओ लावून म्हणत, "फोरमन, आमचा लावला का?" फोरमन मोबाईल खणावर धरत. पलीकडची माणसं दोन घटका बघत आणि मग आपल्या चुलीला लागत.

सिंधूचा फोन रोज येई. एक दिवस खंड नाही.

सिंधूचं घर गावाच्या टोकाला. दारात बाभूळ, म्हणून बिल्ल्यावर बाभूळ. तिचा नवरा गोरख मोटारींचा चांगला कारागीर होता. पण विहिरी आटल्या, मोटारी बंद पडल्या, आणि त्याच्या हाताला काम उरलं नाही. एक हंगाम तो तिच्याबरोबर फडावर गेला. मोळ्या वाहताना त्याला रडू यायचं असं लोक सांगत. पुढच्या वर्षी हंगामाच्या तोंडावर, ध्यानीमनी नसताना, तो घरातून निघून गेला. भांडण नाही, तंटा नाही. फोन लावला तर नंबर बंद. हत्यारं मात्र फोरमनच्या खणात होती आणि बिल्ला घरात खिळ्याला टांगलेला होता. सिंधूने तो बिल्ला काढून काळ्या मण्यांच्या दोऱ्यात ओवला, दुसऱ्या एका बाईबरोबर जोडी केली आणि ऊस तोडायला गेली.

"हत्यारं हितं हायेत ना," फोरमन तिला म्हणाले होते. "मग त्यो येनार. मी सांगतो तुला."

तिने त्यावर किती भिस्त ठेवली होती ते रोज दिवेलागणीला कळायचं. फोन वाजला की फोरमन बाभळीचा खण उघडत. आत पाने लहानमोठ्या क्रमाने, पक्कड, तारेचं बंडल, लाकडी मुठीची हातोडी. ती बघत राही. फोरमन एखादा पाना उचलून उजेडात फिरवून दाखवत. "गंज न्हाई," म्हणत. ती म्हणे, "बरं." एवढंच संभाषण. पण तिचा नवरा परत येणं न येणं त्या खणात ठेवल्यासारखं झालं होतं आणि हळूहळू मीसुद्धा ते पाने तसेच आहेत ना, हे बघायला वाकू लागलो.

संक्रांत होऊन गेली होती. दुपारची वेळ, मी खाली फोरमनबरोबर बशीत निवणारा चहा बघत बसलो होतो. जीपमधून एक माणूस उतरला आणि थेट दारात आला. अंगावर धुतलेला शर्ट, पायात बूट. फोरमन उठून उभे राहिले. काकू आतून आल्या आणि चौकटीला धरून थांबल्या. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्यांवरून कळलं.

"ये गोरख," फोरमन म्हणाले. "पानी घे."

त्याने पाणी घेतलं. पुण्याकडे एका मोठ्या सोसायटीत पंपांच्या कामाला लागलोय, म्हणाला. खोली मिळाली आहे. हत्यारं न्यायला आलोय.

फोरमननी बाभळीचा खण ओढला. दिवा लागला. गोरख गेला तेव्हा हे दिवे नव्हते, त्यामुळे तो एकदम दचकला. मग वाकला. आपण टाकून गेलेले पाने, कधी नव्हते इतके चकचकीत होऊन उजेडात मांडलेले. त्याचा हात आपोआप आत गेला, हातोडीच्या मुठीवर टेकला, आणि फोरमननी हळूच, त्याच्या बोटांना लागू न देता, खण लावायला घेतला. गोरखला हात मागे घ्यावा लागला.

"बिल्ला?"

"आवो फोरमन, माझीच हत्यारं हायेत ही."

"हायेत की. कोन न्हाई म्हनतंय? बिल्ला आन, घेऊन जा."

"बिल्ला घरी खिळ्याला असंल."

"न्हाई. सिंधूच्या गळ्यात हाय. सांगलीकडं हाय ती, फडावर. मी पत्ता देतो."

गोरखचा चेहरा लाल झाला. "माझ्याच पान्याला बायकूची परवानगी लागती का आता?"

"परवानगी न्हाई," फोरमन शांतपणे म्हणाले. "बिल्ला."

त्याने बंद खणाकडे एकदा बघून घेतलं. वाद घातला असता तर काय झालं असतं माहीत नाही. पण त्या खोलीत फोरमनशी कुणी वाद घालत नसे. त्याने पत्ता घेतला आणि आल्या जीपने गेला.

फोरमन खुशीत आले. इतके की थंड झालेला चहा त्यांनी बशीत न बघताच पिऊन टाकला. "आता बघा डॉक्टर. समोरासमोर आलं की झालं. तिला बघितली की त्याचं मन वळतंय का न्हाई बघा." मलाही तो डाव मोठा नामी वाटला. नियमही मोडला नाही आणि माणूस बायकोच्या दारात पोचता केला.

काकू तेवढ्या चौकटीतून हलल्या नव्हत्या. "त्याला धाडलं खरं," त्या म्हणाल्या. "पर तिला इचारलं का? ती पोरगी उसात, मळकं लुगडं नेसून, पाचटाचे वरखाडे अंगभर. अन् हा बूट घालून म्होरं हुभा ऱ्हानार. खन ओढला की दिवा लागतो, तसं मानसाचं आसतं व्हय?"

फोरमननी रिकामी बशी खाली ठेवली. खुशी गेली. त्या संध्याकाळी ते फोनची वाट बघत होते, तिला सगळं सांगायला. सिंधूचा फोन आला नाही. यांनी लावला तर लागला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. फोरमन बाभळीच्या खणाशी आले की त्यांचा हात अडखळू लागला. उघडत, बघत, पण घराचं नाव तोंडातून निघत नसे. दिवसा ते ते पाने काढून पुन्हा पुसत बसत. मी त्यांना इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं आणि मला त्यांची दया आली. कारण त्या माणसाने आयुष्यभर वस्तू जागच्या जागी ठेवल्या होत्या, आणि आता दोन माणसं जागेवर बसवायला निघाला होता.

गोरख परत आला तो आठवड्याच्या आतच. एकटा. तो जीपमधून उतरला तेव्हा मी त्याच्यामागे बघितलं, आणखी कुणी उतरतं का. जीप पुढे गेली.

त्याने खिशातून बिल्ला काढून फोरमनच्या हातावर ठेवला. बाभूळ कोरलेली. दोरा नव्हता.

"काय म्हनली?" फोरमननी विचारलं. नियमाबाहेरचा प्रश्न त्यांनी कुणाला विचारलेला मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकला.

"काय न्हाई." गोरख जमिनीकडे बघत होता. "जेवाय घातलं. बिल्ला काडून दिला. येसटीत बसवून दिलं."

"अन् तू?"

"मी काय बोलनार फोरमन? मला त्या उसात न्हाई जगता येत. तिला म्हनलो चल माझ्यासंगं. ती म्हनली, जोडीदारनीला हंगामात टाकून कशी येऊ? तुझ्यासारखं न्हाई जमत मला."

फोरमननी खण पूर्ण ओढून काढला आणि टेबलावर ठेवला. तार ताणली गेली, दिवा तसाच लागलेला. गोरखने एकेक पाना उचलून पिशवीत भरला. पक्कड, बंडल, हातोडी. सगळं भरून झाल्यावर त्याने रिकाम्या खणाला हात लावून तो कपाळाला लावला, जसं कारागीर करतातच, आणि फोरमनच्या पाया पडला. फोरमननी त्याच्या पाठीवर हात ठेवला. रागवायला हवं होतं असं मला वाटलं, पण तेही आता आठवताना वाटतं. तेव्हा आम्ही सगळेच नुसते उभे होतो. काकूंनी त्याला दोन भाकरी बांधून दिल्या आणि तो गेला.

दिवेलागण झाली. काकू तुळशीकडे गेल्या. फोरमन कपाटाकडे गेले, वरच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. पिंपळवाले. निशाणवाले. बाभळीच्या खणाशी आले आणि त्याला न शिवता पुढच्या खणाकडे वळले. तेवढ्यात फोन वाजला. फोनवरचं नाव बघून त्यांनी तो माझ्याकडे दिला. मी परत त्यांच्याकडे दिला.

"फोरमन," सिंधूचा आवाज आला. मागे बैलांच्या घुंगरांचा आवाज होता. "आज दाखवला न्हाई?"

"काय दाखवू बाई? रिकामा हाय."

"मग रिकामा दाखवा."

त्यांनी खण ओढला. दिवा लागला. आत कोरी फळी आणि तेलाचे डाग. त्यांनी मोबाईल त्यावर धरला. मोबाईल हलू नये म्हणून मी त्यांचं मनगट धरलं. ती बराच वेळ बघत होती.

"माझं चुकलं, सिंधू," फोरमन म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. "म्या त्याला तुझ्याकडं धाडला. तुला इचारलं न्हाई. मला वाटलं... मी तुला म्हनलो हुतो, त्यो येनार म्हनून."

"तुमचं काय चुकलं त्याच्यात?" ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, रडूही नव्हतं. दिवसभर काम केलेल्या बाईचा दमलेला आवाज होता. "मानूस हत्याराकडं माघारी येतो म्हनला व्हता तुमी. आला की. माझ्याकडं येईल, असं कवा म्हनला व्हता?"

काकू तुळशीपाशी दिवा लावून आत येत होत्या. त्या दारातच थांबल्या. फोरमनच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायला त्यांचा एकही हात मोकळा नव्हता, एक खणावर, एक मोबाईलवर.

"त्यो खन कुनाला देऊ नका," सिंधू पुढे म्हणाली. "पाडव्याला मी येती. पावसाळ्यात कोयत्याला काम नसतं. त्यो तिथं ठिवीन. रोज पुसायचा मीच येऊन, तुमी नगं. पर खन माझ्या नावानं करा. घराच्या न्हाई, गोरखच्या न्हाई. माझ्या."

त्या कपाटात बाईच्या नावाचा खण नव्हता. फोरमननी होय म्हणून जोरात मान हलवली. मग पुन्हा हलवली. पण मोबाईल खणाकडे धरलेला होता, आणि तिला दिसत होता तो फक्त उजेड आणि रिकामी फळी.

"फोरमन? करताल का?"

"केला," फोरमन म्हणाले.